बॅटरी न लागणारे सेन्सर : सोसायटीत खरंच चालतील का?

सचिवबुवा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. दोन विंग, सात मजले, ५६ बिऱ्हाडं, इमारतीने पस्तिशी ओलांडलेली. खाली जमिनीतली टाकी, गच्चीवर दोन सिमेंटच्या टाक्या. महापालिकेचं पाणी सकाळी ठरलेल्या वेळात येतं, वॉचमन पंप लावतो, आणि त्याला डुलकी लागली की गच्चीवरून धबधबा. उलट बाजूने, खालची टाकी रिकामी असताना पंप चालू राहिला की मोटर जळते. रिवाइंडिंगची बिलं जोडून जोडून फाइल फुगली आहे.

एका कंपनीने 'स्मार्ट सोसायटी'चा प्रस्ताव दिलाय. टाक्यांमध्ये पातळी सांगणारे सेन्सर, पंपावर एक, लिफ्टच्या मशिनरूममध्ये तापमानाचा, गच्चीच्या आणि मीटर रूमच्या दाराला एकेक, शिवाय प्रत्येक फ्लॅटला वायरलेस पाणीमीटर. सगळं मोबाइलवर दिसणार. प्रत्येक वस्तूत बॅटरी, 'आयुष्य अंदाजे दोन वर्षं'.

सर्वसाधारण सभेत जोशीकाकू एकच वाक्य बोलल्या : "जिन्यातला दिवा गेला तर बदलायला तुम्हाला महिना लागतो, या सत्तर बॅटऱ्या कोण बदलणार?" सभा तिथेच संपली.

तर प्रश्न असा. बॅटरीच लागणार नाही, स्वतःची वीज स्वतः मिळवतील आणि खिशाला परवडतील असे सेन्सर आज मिळतात का? की ही सगळी प्रदर्शनात ठेवायची चीज आहे?

चिवडा_समोसा

जोशीकाकूंना पुढच्या वर्षी अध्यक्ष करा. विषय संपला.

अवांतरे

पहिल्या पाचात. खुर्ची टाकून बसलोय.

लॅमिंग्टनवासी

सचिवसाहेब, प्रश्न चांगला आहे, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची मिसळ झालीय.

पहिली जात म्हणजे स्वतःकडे काहीच वीज नसलेला टॅग. तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग घ्या. त्यात बॅटरी नाही. टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो, त्यातून टॅगच्या चिपला जागं व्हायला पुरेल इतकी वीज मिळते, आणि चिप तीच लहर कमीजास्त परतवून आपला क्रमांक सांगते. लहानपणी वर्गात बसून आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवायचो ना, तसंच. सूर्य दुसऱ्याचा, हलवलं आपण.

दुसरी जात आसपासची ऊर्जा गोळा करणारी. ऊन, ट्यूबलाइटचा उजेड, तापमानातला फरक, कंप, बटण दाबायचा जोर. ती साठवायची आणि पुरेशी जमली की एक छोटा निरोप पाठवून पुन्हा झोपायचं.

तिसरी जात म्हणजे ज्याला मोजायलाच वीज लागत नाही. दारावरचा रीड स्विच बघा. काचेच्या बारीक नळीत दोन पत्र्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात. मोजणं फुकट झालं, खर्च फक्त ते कोणाला तरी कळवण्याचा.

आणि मेख तिथेच आहे. तापमान मोजायला अत्यल्प वीज लागते. ते वायरलेसने ओरडून सांगायला त्याच्या शेकडो, कधी हजारो पट. त्यामुळे 'सेन्सरला किती वीज लागते' हे विचारूच नका. किती लांब आणि किती वेळा बोलायचंय, ते आधी ठरवा.

निळी_छत्री

पण मग त्या तरंगणाऱ्या बातम्या? 'घरातल्या वायफायवर मोबाइल चार्ज होणार' वगैरे? माझ्या दिरांनी परवाच कौटुंबिक ग्रुपवर टाकली होती.

लॅमिंग्टनवासी

@निळी_छत्री, दिरांना सांगा, मोबाइलच्या चार्जरमधून निदान पाच वॅट येतात. राउटर जेमतेम दशांश वॅट हवेत सोडतो, तोही सगळ्या दिशांनी. दोन खोल्या पलीकडे तुमच्या अँटेनाच्या वाट्याला वॅटच्या दहालाखाव्या भागाइतकं आलं तरी नशीब. त्यावर मोबाइल नाही चालत. महिन्याकाठी एखादा 'मी आहे' असा निरोप कदाचित.

खडूस_काका

आजकालच्या पोरांना वाटतं हे सगळं कालपरवा निघालं. आम्ही मालाडला राहायचो. आकाशवाणीचे मध्यम लहरींचे मनोरे मालवणीत. ओए ७९ डायोड, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, गॅलरीत कपड्यांच्या दोरीशेजारी ताणलेली एरिअल, आणि अर्थिंग म्हणून मोरीतला नळ. कानाला हेडफोन लावला की अस्मिता वाहिनी ऐकू यायची. सेल नाही, प्लग नाही. स्टेशनच्याच लहरींवर आवाज. मनोरा जवळ असल्यामुळे एवढा मोठा की रात्री हेडफोन पितळी पातेल्यात ठेवला तर खोलीभर ऐकू जाई.

नंतर रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात आयुष्य गेलं. आता वाघिणींवर (मालगाडीच्या डब्यांवर) आणि प्रवासी डब्यांवर आरएफआयडी टॅग (फास्टॅगच्याच जातीचे) लावलेत, रुळाशेजारी रीडर. वाघीण कुठून कधी गेली ते आपोआप नोंदतं. टॅगला बॅटरी नाही, कारण उन्हापावसात धावणाऱ्या वाघिणीची बॅटरी बदलायला जायचं कोणी?

रेडिओवेडा

काका, दंडवत! पातेल्याची युक्ती आमच्या वडिलांचीही होती.

याच विषयातली सगळ्यात भारी गोष्ट मॉस्कोतली. १९४५ साली सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूताच्या घरात भिंतीवर लटकत राहिलं. आत लिऑन थेरेमिन या रशियन संशोधकाने बनवलेला ध्वनिग्राहक होता. बॅटरी नाही, वायर नाही, हलणारा भाग म्हणजे एक पातळ पडदा. रशियन लोक बाहेरून गाडीतून त्यावर रेडिओलहरी सोडायचे, खोलीतल्या बोलण्याने पडदा हलायचा, आणि परतणाऱ्या लहरीत ते बोलणं उमटायचं. तपासणीत सापडणार कसा? लहर मारली नाही तर तो नुसता लाकूड आणि धातू. १९५२ मध्ये उघडकीस आला.

अवांतरे

म्हणजे सोसायटीच्या गणपतीत कोणी लाकडी नक्षीकाम भेट दिलं तर आधी हलवून बघायचं.

गिरगावकरीण

मला तांत्रिक काही कळत नाही, पण बॅटरीशिवायची बेल आमच्याकडे आहे, म्हणून लिहिते.

आमची चाळ, लाकडी जिना, वायरिंग जुनं. बेलसाठी भिंत फोडायची परवानगी मालक देईना. भाचीने ऑनलाइन मागवली. दाराबाहेर चिकटवायचं बटण आणि आत प्लगात लावायचा पुंगळा. बटणात सेल नाहीच. दाबलं की आत 'टक्' असा चांगला जोरकस आवाज येतो आणि घरात घंटी वाजते. तीन पावसाळे काढले, दार भिजतं, बटण व्यवस्थित.

एकच भानगड. सासूबाई बटण अलगद दाबतात, टक् होत नाही, बेल वाजत नाही. मग त्या दार ठोठावतात आणि आत आल्यावर मला ऐकवतात, "तुझी ती बिनतारी बेल." दूधवाला मात्र असा दाबतो की शेजारची चार दारं उघडतात.

लॅमिंग्टनवासी

ताई, तुम्ही मला कळत नाही म्हणत अख्खं तत्त्व सांगून गेलात. :)

तो 'टक्' म्हणजेच वीजघर. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. पट्टी झटक्यात उलटते तेव्हा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि १०० ते २०० मायक्रोजूलच्या आसपास ऊर्जा निघते. एवढ्याशा ऊर्जेत एक मिलिसेकंदाहून छोटा निरोप दोनतीनदा पाठवता येतो. अलगद दाबलं की पट्टी झटक्याने उलटत नाही, वीज होत नाही. जर्मनीतली एनोशन कंपनी २००१ साली सीमेन्समधून बाहेर पडून हेच करायला लागली. तिकडे कार्यालयांत दिव्यांची बटणं अशी असतात, भिंतीत वायर न नेता.

लक्षात घ्या, निरोप द्यायची घटना आणि वीज मिळायची घटना इथे एकच आहे. बेल दाबली तरच बोलायचंय, आणि दाबल्यामुळेच वीज. असं जुळलं की स्वयंपूर्ण सेन्सर झकास चालतो. टाकीतलं पाणी आपण होऊन काही दाबत नाही.

गॅसचा लायटर घ्या, तोही असाच. दाबाने स्फटिकातून वीज, पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलेला परिणाम.

डॉ_पित्तशामक

थोडं आमच्या बाजूने.

एक, ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी 'बॅटरीवाला सेन्सर' हा विषय हलक्यात घेऊ नका. नाण्याएवढी लिथिअमची चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. 'बघू सकाळी' नाही, लगेच हॉस्पिटल. दाराच्या सेन्सरचं झाकण नखाने उघडत असेल तर तो सेन्सर घरात नको.

दोन, स्वस्त आणि बिनबॅटरीचा सेन्सर बघायचा असेल तर लसीच्या कुपीवर बघा. जांभळट वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णतेने तो हळूहळू गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. १९९६ पासून पोलिओच्या थेंबांवर हे यायला लागलं. फ्रिज दोन ते आठ अंशांवर आहे का हे तापमापक सांगतो, पण कुपीने प्रवासात एकूण किती उष्णता सोसली ते हा चौकोन सांगतो.

निळी_छत्री

हे मला माहीतच नव्हतं. मुलाच्या लसीकरणात सिस्टर कुपी उजेडात धरून बघायच्या, मला वाटायचं तारीख वाचतायत.

खडूस_काका

डॉक्टर, सुंदर आहे, पण तो वायरलेस नाही. माणसाने डोळा लावल्याशिवाय तो बोलत नाही. धागा वायरलेसचा आहे.

डॉ_पित्तशामक

काका, डोळा वायरलेसच असतो.

अवांतरे

डॉक्टर १, काका ०.

बांधकाम_विभाग

काकांचा मुद्दा मान्य करूनही मी डॉक्टरांच्या बाजूने. आमच्या व्यवसायात भिंतीला तडा गेला की तो वाढतोय का हे बघायला जुने लोक तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने बसवायचे आणि त्यावर तारीख लिहायचे. तडा सरकला की काच फुटते. गिरगाव, लालबागच्या जुन्या इमारतींत अशा पट्ट्या पाहिल्यात. वीज शून्य, किंमत चहाएवढी.

उणीव अशी की फुटलेली काच कोणी बघितलीच नाही तर उपयोग काय? पट्टी मधल्या मजल्याच्या बंद खोलीत असते, खोलीची किल्ली भावाभावांच्या भांडणात. तिथे बिनबॅटरीचा टॅग खरा कामाचा. ताण आला की अँटेनाचं माप बदलतं आणि टॅगचं उत्तर बदलतं, असे टॅग करण्याचे प्रयोग बरेच झालेत. हातात रीडर घेऊन जिन्यातून चालत गेलं तर बंद दारामागचं कळेल, निदान तत्त्वतः. मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, पण दोन ऑडिटच्या मधल्या काळात भिंतीकडे कोणी ढुंकून बघत नाही. सचिवसाहेब, तुमची इमारत पस्तिशीची. सेन्सरचे पैसे असतील तर आधी ऑडिट झालंय का ते सांगा.

सचिवबुवा

@बांधकाम_विभाग, झालंय, अहवाल आहे, दुरुस्तीची वर्गणी जमा होतेय (म्हणजे निम्म्यांची).

चर्चा सुंदर चाललीय, पण कोणीतरी टाकीवर या. एका सभासदाने सुचवलं की टाकीवर फास्टॅगसारखे टॅग लावू, स्वस्त पडतील.

लॅमिंग्टनवासी

नका लावू. टॅग स्वस्त असतो कारण खर्च रीडरच्या अंगावर ढकललेला असतो. टॅग काही रुपयांत मिळतो, अँटेनासकट चांगला रीडर हजारांच्या घरात जातो, आणि त्याला चोवीस तास वीज लागते. हजारो कपड्यांच्या दुकानात, वाचनालयात, टोलनाक्यावर ते गणित बसतं : एक रीडर, टॅग अगणित. तुमच्याकडे टाक्या दोन. शिवाय या लहरींना पाणी गिळतं आणि धातू बिघडवतो. टाकी म्हणजे पाणी, तिच्या बाजूला लोखंडी पाइप. टॅगसाठी याहून वाईट जागा मुंबईत शोधून सापडणार नाही.

२०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींनी रीडरही नको असं दाखवलं. टीव्ही टॉवरच्या हवेत आधीच असलेल्या लहरी परतवून दोन बिनबॅटरीची यंत्रं एकमेकांशी बोलली. कल्पना अफलातून. अंतर? बाहेर मोकळ्यात अडीच फूट.

चिवडा_समोसा

अडीच फुटांत तर आमच्याकडे दोन भाडेकरू राहतात.

तळमजला_ब

आमच्या सोसायटीत (कांदिवली) एकाने हौसेने गच्चीवर सेन्सर लावला होता, म्हणून टाकीबद्दल लिहितो. तयार वायफाय बोर्ड, टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासोनिक मापक, एक चार्ज होणारी बॅटरी. पंधरवड्यात गप्प. पुन्हा चार्ज केला, पुन्हा गप्प. लोक म्हणाले, वाऱ्यावर पैसे उडवले.

लॅमिंग्टनवासी

@तळमजला_ब, त्यात सेन्सरचा दोष नसावा. चिप स्वतः गाढ झोपेत दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. पण त्या स्वस्त बोर्डावर १११७ क्रमांकाचा व्होल्टेज रेग्युलेटर असतो, तो काहीही न करता पाच मिलिअँपिअर पितो. वर लाल एलईडी कायम जळतो. बॅटरी २००० मिलिअँपिअर-अवरची धरा, भागिले पाच, ४०० तास. सतरा दिवस, एकही निरोप न पाठवता.

हौशी माणसाने पहिलं काम म्हणजे तो लाल दिवा डिसोल्डर करायचा आणि रेग्युलेटर चांगला टाकायचा. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) मागताना 'क्वायसंट करंट किती', म्हणजे काहीही न करता किती वीज पितो, असं विचारा. दुकानदार डेटाशीट काढून देईल किंवा हाकलून देईल, दोन्हीतून दुकान कळतं.

तुलनेसाठी : चपट्या सीआर २०३२ बॅटरीत साधारण २२० मिलिअँपिअर-अवर. वर्षभर टिकवायची तर सरासरी २५ मायक्रोअँपिअरच्या आत राहायला हवं. पाच मिलिअँपिअर म्हणजे त्याच्या दोनशे पट.

गिरगावकरीण

आणि घरातल्या उजेडावर? कॅल्क्युलेटर चालतो की.

लॅमिंग्टनवासी

चालतो, कारण कॅल्क्युलेटरला कोणाशी बोलायचं नसतं. बाहेर भर दुपारी एक लाख लक्स (उजेडाचं माप), घरात संध्याकाळी शंभर-दोनशे, कार्यालयात तीनशे ते पाचशे. घरातल्या उजेडात चांगल्या पट्टीच्या एका चौरस सेंटिमीटरला दहा मायक्रोवॅटच्या आसपास मिळतात. दहा चौरस सेंटिमीटर, दहा तास उजेड, म्हणजे दिवसाला साडेतीन जूल, त्यातली बरीच साठवणुकीत गळणार. खोलीचं तापमान दर पंधरा मिनिटांनी ब्लूटूथने जवळच्या जवळ सांगायला भरपूर. सात मजले ओलांडून लोराने (लांब पल्ल्याचं, कमी विजेचं रेडिओ तंत्र), तेही सर्वात सावकाश वेगाने, सांगायचं तर एका निरोपाला पाव जूलपर्यंत जातो, म्हणजे दिवसाला पाच-सहा निरोपांत समाधान.

गच्ची मात्र वेगळी. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतात. जुलैतही हातभर नको, तळहाताएवढं पॅनेल आणि सुपरकॅपॅसिटर (बॅटरीऐवजी वीज साठवणारा भाग) पुरतो.

बांधकाम_विभाग

आणि कबुतरं?

तळमजला_ब

+१. पॅनेल पांढरं होतं.

चिवडा_समोसा

कबुतरांना फास्टॅग लावा.

निळी_छत्री

मुक्या जिवांवर असं बोलू नये. दाणे टाकणाऱ्यांच्या श्रद्धेचा...

संपादक

कबुतरखान्याचा विषय या धाग्यावर नको. त्यासाठी आधीचे तीन धागे आहेत, तिन्हींना कुलूप आहे.

अवांतरे

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

माटुंगा_लेबर_कॅम्प

पॅनेल तिरपं आणि निसरडं बसवा, वर बारीक तार ताणा, कबुतर बसत नाही. हे कबुतरांविषयी नसून पॅनेलविषयी आहे, संपादकांनी नोंद घ्यावी.

दुसरं, गळतीसाठी एक प्रकार असतो : कोरडा असेपर्यंत मेलेला, पाणी लागलं की मॅग्नेशिअम आणि कार्बनच्या जोडीतून स्वतः वीज करून निरोप पाठवणारा. डेटा सेंटरच्या जमिनीखाली वगैरे लावतात.

खडूस_काका

मुंबईत लावून बघा. जून ते सप्टेंबर सगळ्या भिंती एकदम बोलायला लागतील.

वायरमन_नव्हे_इंजिनियर

कोणी नियमांबद्दल बोललं नाही म्हणून. परदेशी साइटवरून स्वस्तात मागवताना फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ठरावीक शक्तीपर्यंत २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. अमेरिकन ९१५ वाली मॉड्यूल इथे लावू नका, तो पट्टा आपल्याकडे मोबाइल कंपन्यांच्या वापरातला आहे. आणि विकणाऱ्या कंपनीकडे त्या उपकरणाची दूरसंचार खात्याची ईटीए मान्यता मागा. प्रस्तावात नसेल तर विचारायलाच हवं.

बॅटरीवालेच सेन्सर घेतलेत तर २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. करारात लिहून घ्या. नाहीतर सत्तर बॅटऱ्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाणार हे जोशीकाकूच नाही, मीही सांगतो.

ठाणे_ते_दादर

मला वेगळीच शंका आहे. गच्चीच्या आणि मीटर रूमच्या दाराला सेन्सर ठीक. उद्या कोणी म्हणेल फ्लॅटच्या दारालाही लावू, 'सुरक्षेसाठी'. पाणीमीटर दर तासाला सांगणार म्हणजे कोण कधी आंघोळ करतं, कोण गावाला गेलंय, कोणाकडे पाहुणे आलेत, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. बॅटरी नसलेली वस्तू तर आणखी वाईट, ती कधी बंदच पडत नाही.

चिवडा_समोसा

हे सगळं आमच्या वॉचमनला आत्ताही माहीत आहे. सर्व्हरही लागत नाही.

ठाणे_ते_दादर

वॉचमन ते विकत नाही ना पण.

चिवडा_समोसा

@ठाणे_ते_दादर, हे मात्र खरं. दिवाळीला बख्शीस मागतो फक्त.

बांधकाम_विभाग

पाणीमीटरवरून आठवलं. सचिवसाहेब, पस्तीस वर्षांच्या इमारतीत फ्लॅटला एक पाइप नसतो. गच्चीच्या टाकीतून स्वयंपाकघराची वेगळी उतरती लाइन, बाथरूमची वेगळी, संडासची वेगळी. एका फ्लॅटला तीन-चार जागी पाणी शिरतं. म्हणजे ५६ मीटर नव्हे, दीडशे-दोनशे लागतील, किंवा सगळं प्लंबिंग बदलायचं. कंपनीने जागेवर येऊन पाइप मोजले का?

सचिवबुवा

@बांधकाम_विभाग, ऑफिसात बसून प्रस्ताव पाठवला. आज सकाळी प्लंबरला घेऊन ए विंगच्या डक्टमध्ये डोकावलो. तुम्ही म्हणता तसंच आहे, प्रत्येक फ्लॅटला तीन जागी, आणि तिसऱ्या मजल्यापासून वर चार, कारण कोणीतरी वॉशिंग मशीनसाठी परस्पर लाइन घेतली आहे. (हा वेगळा धागा होईल.) मीटर प्रस्तावातून काढले.

पाण्याच्या प्रवाहावरच चालणारा मीटर असतो का, म्हणजे बॅटरीच नको असा?

माटुंगा_लेबर_कॅम्प

असतो की. पाइपात छोटी टर्बाइन, नळ उघडला की फिरते आणि वीज करते. बेलसारखंच : पाणी वाहिलं तरच मोजायचं, वाहिल्यामुळेच वीज. पण टर्बाइन दाब खाते. वरच्या मजल्यावर टाकीपासून उंची जेमतेम दहा-बारा फूट, दाब मुळात कमी. सातव्या मजल्यावरच्या शॉवरमधून पाणी येण्याऐवजी आकडे येतील.

खडूस_काका

आता माझं ऐका. चार दिवस वाचतोय.

टाकी भरली की पंप बंद, खालची रिकामी झाली की पंप बंद. एवढंच हवंय ना? मग वायरलेस कशाला? पंपाच्या पॅनेलला वीज आहेच. गच्चीवरून खाली केबल न्यायला डक्ट आहे. दोन फ्लोट स्विच, एक वर, एक खाली, मधे रिले. पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो, संपर्क तुटतो, पंप थांबतो. मोबाइल नाही, सर्व्हर नाही, वर्गणी नाही. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन मिळून एका दिवसात लावतात. रेल्वेत शिकलो ते असं की ज्या गोष्टीने मोटर जळू शकते ती गोष्ट हवेतल्या निरोपावर सोडायची नाही. निरोप हरवतो. वायर कापली गेली तर पंप बंदच राहील अशी जोडणी करायची, म्हणजे बिघाड झाला तरी नुकसान नाही.

वायरलेस आणि स्वयंपूर्ण तिथे लावा, जिथे वायर जात नाही आणि वस्तू पुष्कळ आहेत.

लॅमिंग्टनवासी

काकांना पूर्ण अनुमोदन, आणि हे मी सेन्सर विकून पोट भरणारा असून लिहितोय. पंप वायरने. गच्चीचं दार आणि मशिनरूमचं तापमान ही दोनच ठिकाणं वायरलेससाठी योग्य. दाराला बेलच्या बटणासारखा यांत्रिक वीज करणारा संपर्क, उघडताना एकदा आणि मिटताना एकदा बोलेल. मशिनरूममध्ये वीज आहेच, साध्या अडॅप्टरवर चालवा. म्हणजे सत्तर बॅटऱ्यांच्या जागी शून्य.

टाकीची पातळी मोबाइलवर बघायची हौसच असेल तर गच्चीवर सोलर पट्टीवाला एक लावा, पण तो फक्त माहितीसाठी. पंप त्याच्या हुकमावर नको.

डॉ_पित्तशामक

काका १, डॉक्टर १. बरोबरी.

सचिवबुवा

सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीत ठेवला हा तोडगा. जोशीकाकूंनी विचारलं, "फ्लोटला गंज चढला तर?" म्हणून इथे विचारतो.

खडूस_काका

प्लास्टिकचा, सीलबंद घ्या, केबलसकट येतो. गंज नाही चढत, शेवाळ चढतं. टाकी साफ करायला माणसं उतरतात तेव्हाच फ्लोट हाताने वर-खाली करून पंप थांबतो का ते बघायचं, आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. केबलचा जोड टाकीच्या आत देऊ नका, झाकणाबाहेर खोक्यात द्या. आणि फ्लोटकडे नियंत्रणाचा कमी व्होल्टेजच न्या, २३० व्होल्ट पाण्यात सोडू नका. इलेक्ट्रिशियन 'चालतं हो' म्हणाला तर दुसरा इलेक्ट्रिशियन बघा.

गिरगावकरीण

काका, आमच्या चाळीच्या टाकीलाही हेच चालेल का? पंप १९८० च्या आसपासचा आहे, स्टार्टर कुलूपबंद, किल्ली मालकाकडे.

खडूस_काका

चालेल. स्टार्टरच्या कॉइलला मालिकेत फ्लोट जोडायचा. फक्त आधी मालकाकडून किल्ली मिळवा.